लॉकडाऊनने जीव वाचवले म्हणे. कोणाचे?

मिसळवाला: काल एकाने लिहिलं, 'लॉकडाऊन नसता तर रडायलाही उरला नसतात.' बरं. २४ मार्च २०२० ला रात्री आठला घोषणा, बाराला देश बंद. जालन्यात माझं हॉटेल. पातेलंभर मटकी भिजत होती. मोड आले, मग वास सुटला. कामावरची दोन पोरं मध्य प्रदेशची, मेमध्ये रुळाच्या कडेने चालत निघाली. ८ मेला करमाडजवळ मालगाडीखाली १६ मजूर गेले, तेव्हा दोघांचे फोन बंद. संध्याकाळी लागला. तोवर माझं काय झालं ते मलाच ठाऊक.

रात्रपाळी: मी कोविड वॉर्डात नर्स होते. मार्चमध्ये किट म्हणून रेनकोट घालत होतो, पाठीला सेलोटेप. ते आठवडे मिळाले म्हणून खाटा लागल्या, ऑक्सिजनची लाइन आली. मटकीचं वाईट वाटलं हो.

मिसळवाला: टोमणा पोचला. पण धारावी काय पोलिसांच्या दांडक्याने सावरली? पालिकेची माणसं घरोघरी ताप मोजत फिरली, शाळांत विलगीकरण केलं. दहा बाय दहात आठ जणं, संडास सार्वजनिक. तिथे 'घरी राहा' कोणाला सांगता?

रात्रपाळी: आणि फिरायला वेळ कुठून मिळाला?

लालबागचा_पोर: विलगीकरणाचं नाव काढू नका. गणपतीला गावी गेलो तर वेशीवर बांबू आडवा. आईला दहा दिवस शाळेच्या पडवीत झोपवलं. समोर आमचंच घर दिसत होतं!

तळकोकण: मुंबई पेटलेली, तुम्ही गाड्या भरभरून आलात. आमच्या म्हाताऱ्यांना काही झालं असतं तर? आरोग्य केंद्रात डॉक्टर आठवड्यातून दोनदा.

लालबागचा_पोर: देवळाच्या पत्र्याची वर्गणी घेताना चाकरमानी चालतो. तेव्हा नाही हात धुतलेत.

तळकोकण: वर्गणी काढू नकोस. तुझ्या आईला दोन्ही वेळचा डबा कोणी दिला? माझ्या बायकोने.

लालबागचा_पोर: लांबून ठेवून पळायची.

तळकोकण: मग काय भरवायला हवं होतं?

मिसळवाला: अहो, धागा कशावर होता?

रात्रपाळी: चार तासांची मुदत चूक होती. मजुरांना आधी गाड्या द्यायला हव्या होत्या. एवढंच मान्य, पुढे एक अक्षर नाही.

मिसळवाला: उपकार झाले. सुरुवातीचे तीन आठवडे मीही मान्य करतो. त्यानंतरच्या भाड्याची पावती तुम्हाला पाठवू का?

लालबागचा_पोर: पेज होती. डबा नव्हता, पेज.