टाकी गळत नसेल तर गीझर बदलू नका
गीझरची कॉइल दरवर्षी जळते म्हणून गीझरच बदलावा का, असा प्रश्न पडतो. टाकी गळत नसेल तर घाई नको. कॉइलवर क्षारांचा थर बसला की उष्णता पाण्यात नीट जात नाही आणि कॉइलच तापून जळते. पाणी जितकं गरम, तितका थर लवकर धरतो. थर्मोस्टॅट ६० अंशांच्या वर नेऊ नका. कॉइल काढाल तेव्हा मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉडही बघा. टाकीऐवजी गंजायला तोच बसवलेला असतो, पण मेकॅनिक त्याचं नावही काढत नाहीत! रॉडच्या आतली तार दिसू लागली असेल तर तो बदलाच. थराला सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी पुरतं, संडास धुण्याचं अ‍ॅसिड अजिबात नको. सेफ्टी व्हॉल्व्हही क्षारांनी अडकतो, तोही तपासून घ्या. टाकीच गळू लागली तर मात्र वेल्डिंगवर पैसे घालवू नका.