गुहेची दुरुस्ती, डागडुजी की आणखी काही?

मूळ प्रश्न (दांडिया बाजार, बडोदे)

आमच्या मंडळाच्या हस्तलिखित अंकासाठी एक मजकूर मराठीत आणतेय आणि चार दिवस एकाच शब्दाशी अडलेय. माझा भाचा मेक्सिकोत युकातानच्या सेनोत्यांमध्ये बुड्या मारून आला. सेनोते म्हणजे चुनखडीचं छत कोसळून उघडी पडलेली निसर्गाची विहीर. शब्द मूळचा माया लोकांचा, स्पॅनिशांनी आपल्या तोंडाला सोयीचा करून घेतलेला. या विहिरींच्या पोटातून पाण्यानं भरलेल्या गुहा लांबच लांब गेल्या आहेत. साक आक्तुन ही गुहा २०१८ साली शेजारच्या गुहेला आतून जोडलेली निघाली, तेव्हा तिची लांबी ३४७ किलोमीटर भरली. एवढ्यात आपली गाडी बडोद्याहून निघून विरार मागं टाकते.

भाच्याच्या टिपणात दोन गोष्टी आहेत. बुडी मारणाऱ्यांमुळं गुहांचं जे बिघडतं ते टाळायचं कसं, आणि बिघडलेलं... काय करायचं? तिथं त्यानं 'रिस्टोरेशन' लिहून ठेवलंय. मी 'जीर्णोद्धार' लिहिलं आणि खोडलं. तो देवळाचा होतो, घाटाचा होतो. जुनं होऊन पडलेलं पुन्हा उभं करतात. इथं कालपर्यंत धडधाकट असलेलं कुणाच्या तरी टाचेनं मोडलंय. 'दुरुस्ती' लिहिलं तर मिक्सर डोळ्यांपुढं येतो. सुचवा.

प्रतिसाद (रावपुरा)

ताई, डागडुजी म्हणा. आमच्या आजीची तांब्याची घागर गळायची, तिला कासाराकडून डाग देऊन आणला होता. गळती थांबली, डाग मात्र घागर मोडीत जाईपर्यंत दिसत होता. नक्की काय मोडतं तिथं?

प्रतिसाद (मूळ प्रश्नकर्ती)

छताला लोंबणारे लवणस्तंभ मोडतात. पाठीवरचं किंवा कुशीतलं सिलिंडर वर आपटतं आणि टवका उडतो, बारीक नळीसारखा स्तंभ असेल तर अख्खाच खाली येतो. तो परत वाढेल म्हणावं तर तशी सोयच उरलेली नाही. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरांच्या आसपास खाली होता, तेव्हा या गुहा कोरड्या होत्या. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुनखडी विरघळवत खाली यायचं, गुहेतल्या हवेत तो वायू उडून जायचा आणि थेंबामागं चुन्याचा कण राहायचा. कणावर कण. आता तिथं हवाच नाही, तर थेंब कुठून टपकणार?

तुकडा तिथंच पडलेला असला तर पाण्यातही घट्ट होणाऱ्या इपॉक्सीनं जागेवर बसवता येतो. सांधा दिसतो. तेवढ्यापुरतं तुमचं डागडुजी चपखल आहे काका, आजीच्या घागरीसकट. पण बाकीच्या कामात जोडायला काही नसतंच. काही गुहांच्या भिंतींवर लोह-मँगेनीजचा काळपट थर असतो. हातानं धरधरून पुढं सरकणारे त्यावर बोटं घासतात आणि खालची पांढरी चुनखडी उघडी पडते. तिथं कसली डागडुजी करणार?

प्रतिसाद (वाडी)

त्याला आपल्याकडे 'वण' म्हणतात. जखम भरून आली तरी राहतो तो. आणि परतीची वाट सापडावी म्हणून बुडी मारणारे गुहेत लावत नेतात ती दोरी मऊ दगडावर ताणून बसली की पडतो तो 'काच'. बडोद्याच्या जुन्या विहिरींच्या कठड्यावर पोहऱ्याच्या दोरानं पडलेल्या खाचा बघा, करंगळी आत बसते. ओरखडा, टवका, वण, काच. चार वेगळी नुकसानं आहेत, सगळ्यांना 'हानी' म्हणून एका पोत्यात भरू नका. 'नासधूस' तर मुळीच नको, त्यात मुद्दाम केल्याचा वास येतो. स्वतःचं नाव कोरणाऱ्यापुरतं ते राखून ठेवा.

आता मूळ शब्द. मी नोकरीत असताना जुन्या भित्तिचित्रांचं काम केलंय. आपल्या तांबेकर वाड्यातली चित्रं पाहिलीत का? तशा चित्राचा रंग उडाला म्हणून नवा भरायचा नसतो. आहे तो पोपडा सुटू द्यायचा नाही, आणि आपण घातलेलं उद्या कुणाला काढता आलं पाहिजे. आम्ही 'जतन' म्हणायचो.

प्रतिसाद (मूळ प्रश्नकर्ती)

जतनात पुढचं टाळणं येतं, झालेलं निस्तरणं येत नाही. पण 'वण' आणि 'काच' घेतले, आभार.

प्रतिसाद (सयाजीगंज)

एवढा काथ्याकूट कशाला? रिस्टोरेशन सगळ्यांना कळतं.

प्रतिसाद (रावपुरा)

अरे बाबा, ज्या गावात सयाजीराव महाराजांनी कारभारातल्या शब्दांचे आठ भाषांतले पर्याय जमवून १९३१ साली कोश छापून घेतला, त्या गावात बसून हे बोलतोस? चालू दे ताई.

प्रतिसाद (फत्तेगंज)

मी पोहायला शिकवतो, म्हणून पाण्याचं बोलतो. तुमच्या टिपणात गाळाचं असणारच. 'पाणी गढूळ झालं' लिहू नका. पावसाळ्यात विश्वामित्री गढूळच असते, त्यात कुणाचा दोष नाही. स्वच्छ पाण्यात कुणी पाय घातला तर ते 'डहुळतं'. गुजरातीतही डहोळुं म्हणतात, त्यामुळं इथं कुणालाही कळेल. आणि ते खाली बसतं तेव्हा 'निवळतं'.

प्रतिसाद (मूळ प्रश्नकर्ती)

वा! निवळणंच हवं होतं. वाहता प्रवाह नसेल तर अगदी बारीक गाळ बसायला तासन्‌तास लागतात, कधी दिवससुद्धा. तोवर हातातला दिवा असून नसल्यासारखा. त्यामुळं डहुळणं हे गुहेच्या जिवावर आहे तसं माणसाच्याही. आजी माठात निवळीचं बी घासायची ते आठवलं. इथं तसलं काही चालत नाही, थांबणं एवढाच उपाय.

पण 'गाळ' शब्दानंच माझी पंचाईत केलीय. मराठीत गाळ म्हटला की उपसायचा. विहिरीचा, तळ्याचा, धरणाचा. इथं तो तसाच पडू द्यायचा आहे. त्याच मुलखात होयो नेग्रो नावाच्या खोल डोहात २००७ साली एका मुलीचा सांगाडा सापडला, बारा-तेरा हजार वर्षांपूर्वीचा, सोबत नामशेष झालेल्या जनावरांची हाडं. तिथला तळ म्हणजे न उघडलेलं दप्तर. त्यावर पायांतल्या फिन्सचा, म्हणजे पोहण्याच्या रबरी पंखांचा, एक फटका बसला की पानं इकडची तिकडं. मातीच्या उतारावर कुणी बोटानं नाव काढलं असेल तर ते हलक्या हातानं किंवा मऊ ब्रशनं सपाट करतात, तेही शेजारचं काही न हलवता. हे उपसणं नाही आणि सारवणंही नाही.

प्रतिसाद (फत्तेगंज)

पाय कसे मारायचे लिहिलंय का?

प्रतिसाद (मूळ प्रश्नकर्ती)

लिहिलंय. वरखाली पाय आपटायचे नाहीत, गुडघे वर ठेवून बेडकासारखे बाजूला फाकवून मिटायचे, म्हणजे पाण्याचा झोत मागं जातो, तळावर नाही. अंग आडवं. ना बुडायचं ना तरंगायचं, मधोमध राहायचं. सिलिंडरच्या लोंबत्या नळ्या अंगाशी बांधून घ्यायच्या. सोडलेल्या श्वासाचे बुडबुडे छतावर आपटूनही कण सुटतात, म्हणून काही जण श्वास फिरवून वापरणारं रीब्रीदर नेतात. वाटेची दोरीसुद्धा नाजूक स्तंभांपासून लांबून न्यायची.

एकानं मला खासगीत 'मंडूकपाद' सुचवलंय. नाव सांगत नाही.

प्रतिसाद (फत्तेगंज)

मंडूकपाद! माझ्या पोरांना मी 'बेडूक' एवढंच ओरडतो, बरोबर मारतात.

प्रतिसाद (कारेलीबाग)

उशिरा आले. तुम्ही सगळे नाम शोधताय, क्रियापद घ्या ना. 'सावरणे'. पाण्यात तोल सावरतात, म्हणजे टाळणं आलं. कोसळू पाहणारं घर सावरतात, म्हणजे निस्तरणंही आलं. शिवाय सावरलं म्हणजे पहिल्यासारखं झालं असं कुणी समजत नाही. आजारातून सावरलेला माणूस काठी घेऊन चालतो.

प्रतिसाद (वाडी)

क्रियापद उत्तम. नाम करायला जाल तर 'सावरासावर' होईल, आणि ती चूक झाकण्याची असते. माझ्या धंद्यात ती पुष्कळ पाहिली आहे. सांध्यावर रंग फासून मोकळे.

प्रतिसाद (मूळ प्रश्नकर्ती)

मग मथळाच क्रियापदाचा करते, 'बुडलेली गुहा सावरताना'. स्तंभ जोडण्यापुरती डागडुजी, बाकी सगळीकडे सावरणं. रात्री भाच्याला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाला, "मावशी, पहिल्या बुडीला आमचा गाइड हेच बोटांनी खुणावत होता, आधी स्वतःला सावर." मग विचारतो, पाणबुड्या का लिहिलंस, तो पक्षी ना? पक्षी पाणबुडी रे, टिबुकली, म्हटलं. आता त्यावरून वेगळा धागा काढावा लागणार.