ट्रेनिंग झालं, मग काय झालं? बडोदेकरांनो, सांगा

आमच्या ऑफिसात गेल्या महिन्यात 'सर्वसमावेशकता' या विषयावर दोन तासांचं ट्रेनिंग झालं. खमण छान होतं. बाकी काय झालं ते आठवायला बसले तर फारसं हाती लागेना, म्हणून हा धागा. मकरपुऱ्याचा कारखाना, अलकापुरीतलं ऑफिस, शाळा, सोसायटी, गणपती मंडळ, कुठलाही अनुभव चालेल. व्याख्या नकोत, कंपनीची नावंही नकोत. दुसऱ्या दिवशी काय बदललं तेवढं लिहा. नसेल बदललं तर तेही लिहा.

पॅकिंग लाइनवाली एचआर

चूक माझीच होती, तीच सांगते. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्याचं ट्रेनिंग मी इंग्रजी स्लाइडवर घेतलं. दहा माणसं कामाला असली की तक्रारी ऐकायला समिती हवी, तिची अध्यक्ष बाई हवी, तक्रार तीन महिन्यांत करायची, सगळं घडाघडा सांगितलं. प्रश्न विचारा म्हटलं तर कुणी हूं की चूं केलं नाही. मला वाटलं, समजलं सगळ्यांना. संध्याकाळी लॉकरपाशी कंत्राटदाराकडची एक बाई हळूच म्हणाली, "बेन, ए समिती तो परमेनंट बेनो माटे छे ने?" म्हणजे, ती समिती पर्मनंट बायकांसाठी आहे ना? कायद्यात कंत्राटी कामगारही येतात, आणि माझ्या चाळीस स्लाइडमध्ये ते एक वाक्य नव्हतं. पुढच्या वेळी गुजरातीत घेतलं, सुपरवायझरला बाहेर बसवून. अर्ध्या तासाचा कार्यक्रम दोन तास चालला. तेव्हा जे ऐकलं ते इथे लिहिणार नाही.

कानाने वाचणारा

मला दिसत नाही. दिव्यांगांविषयीच्या ट्रेनिंगची फाइल आधी पाठवा म्हणून मेल केला होता. आली. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावला तर तो म्हणतो, चित्र. पुढचं पान, चित्र. सगळ्या स्लाइडचे फोटो काढून पाठवले होते! 2016च्या कायद्यात 21 प्रकारचं अपंगत्व धरलंय, हे शेजारच्याने कानात सांगितलं. मग सगळ्यांच्या डोळ्यांना रुमाल बांधून ग्लासात पाणी ओतायला लावलं. हशा, सांडासांडी. मी तसाच बसून. माझा ग्लास मात्र काठोकाठ भरला होता, बोट आत धरून ओततो मी. शेवटी मला 'दोन प्रेरणादायी शब्द' बोलायला सांगितलं. मी म्हणालो, वर्ड फाइल द्या.

निवृत्त कंत्राटदार, दांडिया बाजार

ट्रेनिंगबिनिंग आमच्या वेळी नव्हतं, पण रॅम्प मी पुष्कळ बांधलेत. उंची एक इंच तर लांबी बारा इंच, हे सूत्र. आमच्या मंडळाच्या हॉलला दीड फूट जोतं. म्हणजे अठरा फूट रॅम्प हवा. समितीने बांधला सहा फुटांचा, उद्घाटनाला नारळ फोडला. त्यावरून व्हीलचेअर चढत नाही, आणि उतरली तर थेट रस्त्यात. आता तिथे कॅटरिंगवाला भांडी घसरवतो. मी तीन पत्रं दिलीत. चौथं लिहितोय.

सयाजीबागेत फिरणारा

आमच्या ट्रेनिंगमध्ये मनातल्या पूर्वग्रहांची यादी होती: बाई-पुरुष, वय, प्रांत, डावखुरे सुद्धा. जात नव्हती. याच शहरात, याच नोकरदारांच्या शहरात! 1917 साली आंबेडकर शिष्यवृत्तीचा करार पाळायला बडोदा संस्थानच्या नोकरीत आले, तेव्हा शिपाई कागद लांबून टेबलावर टाकत. राहायला घर मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्यांनी काढलं. मग सयाजीबागेत वडाखाली बसून राहिले, मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत. जेवणाच्या सुट्टीत मी हे सांगितलं तर बाजूचा म्हणाला, "अरे, त्या वडापाशी तर मी रोज स्ट्रेचिंग करतो." खरंच त्याला माहीत नव्हतं. त्याच आठवड्यात नव्या पोराला त्यानेच विचारलं, "म्हणजे पूर्ण नाव काय तुझं?" पोराने माझ्याकडे बघितलं. मी डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला. तेवढंच सुचलं.

वाडीतली

आमच्याकडे ट्रान्सजेंडर सहकारी येणार म्हणून ट्रेनिंग ठेवलं. दीड तास फक्त बाथरूम कुठलं यावरच वाद. माझी आजी घरी बाळाला बघायला येणाऱ्या तृतीयपंथीयांना मासीबा म्हणून पाट द्यायची, चहा द्यायची, पण नोकरीला येतील हे तिलाही सुचलं नसतं. ती सहकारी रुजू झाली. पहिल्या दिवशी तिने विचारलं, प्रिंटर कुठाय. त्यावर ट्रेनिंगमध्ये काहीच नव्हतं.

धागा काढणारी

काका, आमच्या सोसायटीच्या दाराला दोन पायऱ्या, मोजून चौदा इंच. म्हणजे चौदा फूट लागतील ना? नेमक्या तेवढ्याच जागेत चेअरमनसाहेबांची गाडी उभी असते. तुमचं चौथं पत्र झालं की मजकूर मलाही पाठवा.