मदत हवी आहे: शिमग्याला आई-बाबांना नेण्यासाठी छोटी लक्झरी सेडान भाड्याने घ्यावी का? (पुणे – चिपळूण – गुहागर – गणपतीपुळे)

वाशिष्ठीकाठ:

नमस्कार मंडळी,

थोडं सविस्तर लिहितोय, कारण नुसतं "कुठली गाडी घेऊ" असं विचारलं तर नेमकं उत्तर मिळणार नाही.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, चिपळूण आगारातून निवृत्त झाले. कुंभार्ली घाट त्यांनी नोकरीभर चढवला-उतरवला, धुक्यात, पावसात, रात्री-अपरात्री. स्वतःची चारचाकी मात्र कधी झाली नाही. मी पुण्यात, ते दोघं चिपळूणला. गावी जायचं तर मी भाड्याने स्विफ्ट नाहीतर अर्टिगा घेतो. त्या गाड्यांबद्दल काही तक्रार नाही. पण या शिमग्याला त्यांना चांगल्या गाडीतून न्यायचं आहे, आणि नुसतं मागे बसवायचं नाही, बाबांच्या हातात स्टिअरिंग द्यायचं आहे. बाजारात एखादी मर्सिडीज उभी दिसली की ते वाकून टायरवरचे आकडे वाचतात, चाकाच्या कमानीत डोकावतात, आणि मालक येताना दिसला की चार पावलं लांब जाऊन उभे राहतात. हे मी लहानपणापासून बघत आलोय.

मोठी लक्झरी गाडी नको. वाडीतल्या वळणांना ती अवजड होईल आणि भाडंही झेपणार नाही. म्हणून मर्सिडीज ए-क्लास लिमोझिन, बीएमडब्ल्यू २ सिरीज ग्रान कूप, ऑडी ए४ अशा गाड्या बघतोय.

बेत असा: पुण्यातून गाडी घेऊन कराड-पाटण-कोयनानगरमार्गे कुंभार्ली उतरून चिपळूण. तिथून आई-बाबांना घेऊन गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी, पालखी सहाणेवर (गावातल्या तिच्या ठरलेल्या जागेवर) बसेल तेव्हा तिथे असायचं आहे. मग हेदवीचा दशभुजा गणपती, वेळणेश्वर, तवसाळहून फेरीबोटीने जयगड आणि गणपतीपुळे. परत येताना आरे-वारेचा रस्ता बाबांना चालवायला द्यायचा.

अडचण अशी आहे की बहुतेक ठिकाणी या वर्गातली गाडी ड्रायव्हरसकटच देतात. सेल्फ ड्राइव्ह देणारे थोडे, आणि त्यातल्या एकाने पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी दाखवली, "ओळखीतली आहे, काही होत नाही" म्हणाला. ती घ्यावी का? या गाड्या खाली बसक्या असतात, तर आमच्याकडचे गतिरोधक आणि फेरीचा रॅम्प यांचं काय? शिवाय आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे. ज्यांनी अशी गाडी कोकणात नेली आहे त्यांनी खरंखुरं सांगावं. नको म्हणायचं असेल तर तेही स्पष्ट सांगा.

---

घाटमाथा:

पहिलं उत्तर पांढऱ्या प्लेटचं: घेऊ नका. सेल्फ ड्राइव्ह भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात, ड्रायव्हरसकटच्या टॅक्सीला पिवळ्या पाटीवर काळी. खाजगी गाडी भाड्याने चालवणं बेकायदा आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खाजगी गाडीच्या विमा पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही, त्यामुळे अपघात झाला तर कंपनी दावा नाकारू शकते. मग गाडीची दुरुस्ती तुमच्या गळ्यात, आणि समोरच्याला लागलं तर काय होईल ते बोलायलाच नको. तुमच्याबरोबर आई-बाबा असणार आहेत.

दुसरं, करारावर दोन्ही चालकांची नावं लिहून घ्या. तोंडी "चालेल साहेब" याला काही अर्थ नाही. बाबा चालवणार असतील तर त्यांचं लायसन्स आधी तपासा. पंचावन्न वर्षांनंतर नूतनीकरण पाचच वर्षांचं होतं आणि डॉक्टरचा फॉर्म १ए (तब्येतीचा दाखला) लागतो. निवृत्तीनंतर पुष्कळांचं ते राहून गेलेलं असतं.

तिसरं, अनामत रक्कम कशी आणि कधी परत मिळते, आणि नुकसान झाल्यास तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाणार, या दोन गोष्टी लेखी मागा. टायर, चाकाची रिम आणि गाडीचा खालचा भाग हे बऱ्याच करारांत त्या मर्यादेबाहेर ठेवलेले असतात. कोकणात फटका बसतो तो नेमका तिथेच. गाडी ताब्यात घेताना मोबाइल खाली धरून पुढच्या बंपरच्या खालच्या कडेचा व्हिडिओ काढा. तिथले जुने ओरखडे उभं राहून दिसत नाहीत.

---

तवसाळबंदर:

फेरीचं सांगतो, रोज बघतो म्हणून. जेट्टीचा उतार आणि बोटीचा लोखंडी रॅम्प जिथे भेटतात तिथे कोन तयार होतो. ओहोटीला बोट खाली जाते, गाडीला उताराच्या पार टोकापर्यंत उतरावं लागतं, आणि तिथे शेवाळ असतं. लांब नाकाची गाडी असेल तर पुढचा बंपर रॅम्पवर घासतो, आणि चाकं वर चढली की मग पोट टेकायची भीती. भरती भरत आलेली असताना जा. चढवताना आई-बाबांना आणि सामानाला उतरवा, रिकामी गाडी दोन बोटं उंच उभी राहते. बोटीवरचा माणूस हात दाखवेल तसं चाक चाक पुढे घ्या, एक्सलेटर दाबू नका. मोठ्या गाड्या चढतात, त्याची काळजी नको. घाई केली की लागते.

शिमग्याच्या दिवसांत रांग मोठी असते. आणि पालखी वाडीत फिरत असेल तर रस्ता बंदच समजा. गाडी मुख्य रस्त्याला ओळखीच्या खळ्यात लावून चालत जा.

---

सुरुंगी:

मी फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून आईंबद्दल लिहिते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खाली बसक्या गाडीत शिरताना होतो त्यापेक्षा जास्त त्रास बाहेर पडताना होतो. गुडघा खोल वाकलेल्या अवस्थेत सगळं वजन पेलून उठावं लागतं. २ सिरीज ग्रान कूपचं छप्पर मागे उतरतं आलेलं आहे, मागच्या दारातून शिरताना मान आणि गुडघा दोन्ही एकदम वाकवावे लागतात. आईंना मागे बसवूच नका. पुढची सीट बटणाने वर घेता येते का बघा, पूर्ण वर घ्या, मागे सरकवा. उतरताना आधी दोन्ही पाय एकत्र बाहेर जमिनीवर, मग उठायचं. आणि बुकिंगच्या आधी आईंना एकदा प्रत्यक्ष बसवून बघा. चिपळूणहून त्यांना पुण्यात आणणं शक्य नसेल तर निदान तशाच उंचीच्या एखाद्या ओळखीच्या सेडानमध्ये तरी बसवा.

---

आंबाघाट:

वेगळं मत मांडतो, राग मानू नका. स्कोडा स्लाव्हिया किंवा फोक्सवॅगन व्हर्टस घ्या. १७९ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची) आहे, दीड लिटरचं टर्बो इंजिन घाटात मस्त ओढतं, गाडी पक्की वाटते. भाडं बरंच कमी आणि जीवाला घोर नाही. काही जर्मन गाड्यांना रन-फ्लॅट टायर असतात. पंक्चर झालं तरी ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येतं हे खरं, पण नवा टायर गुहागरात लगेच मिळेल अशी आशा धरू नका. गाडी घेताना डिकी उघडून स्टेपनी आहे का हे आधी बघा.

---

वाशिष्ठीकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. पांढऱ्या प्लेटवाल्याला नाही कळवलं.

आंबाघाट, तुमचं म्हणणं हिशेबाने बरोबर आहे. फक्त कोकण फिरायचं असतं तर व्हर्टसच घेतली असती. पण बाबा आयुष्यभर ज्या गाड्यांना हात न लावता लांबून बघत आले, त्यांतली एक त्यांनी स्वतः चालवावी एवढंच मला हवंय.

आईला पुढे बसवायचं हे सुरुंगीताईंचं पटलं. म्हणजे बाबा चालवणार, आई शेजारी आणि मी मागे. ग्रान कूप यादीतून काढली, ए-क्लासची चौकशी चालू आहे. आता एकच शंका राहिली. बाबांनी ऑटोमॅटिक कधी चालवलेली नाही.

---

लालगाडी:

मीही एसटीतच होतो, म्हणून लिहितो. तुमच्या बाबांना रस्ता शिकवायची गरज नाही, डावा पाय शिकवावा लागेल. क्लच दाबायची सवय इतकी मुरलेली असते की वेग कमी करताना डावा पाय आपोआप खाली जातो. ऑटोमॅटिकमध्ये तिथे ब्रेकचं रुंद पॅडल असतं. क्लचच्या जोराने ब्रेक दाबला गेला की गाडी जागेवर उभी, मागचा येऊन आदळतो. डावा पाय पार मागे, सीटच्या खाली ओढून ठेवायचा.

ए-क्लासची अजून एक गोष्ट. मारुतीसारख्या गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला असतो. मर्सिडीजमध्ये तो डावीकडे, आणि उजवीकडच्या दांडीवर गिअर असतो. वळताना सवयीने उजवा हात गेला तर इंडिकेटर लागायच्या जागी गाडी न्यूट्रलला जाऊ शकते. घाटउतारावर ते नको. आधी मोकळ्या मैदानात गाडी उभी ठेवून हात बसवून घ्या, मग सपाट रस्ता, कुंभार्ली नंतर. उतारावर डी मध्ये सोडून ब्रेकवर बसू नका, स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर खाली घ्या म्हणजे इंजिन गाडी धरून ठेवतं. हे त्यांना सांगायला लागणार नाही, फक्त पॅडल कुठलं ते दाखवा.

---

वाशिष्ठीकाठ:

काका, हे आजच फोन करून बाबांना वाचून दाखवलं. डावा पाय सीटखाली हे ऐकून त्यांनी लगेच विचारलं, कोणाची गाडी आणि कशासाठी. सांगून टाकलं. त्यांनी लायसन्स काढून तारीख वाचली, मुदत संपलेली आहे. उद्या डॉक्टरकडे फॉर्मसाठी जातायत. नूतनीकरण हातात पडेपर्यंत बुकिंग करत नाही.

तवसाळबंदर, शिमग्याच्या आठवड्यात भरतीची वेळ आणि फेरीची वेळ जुळते का ते तेवढं कळवाल का? नाही जुळली तर फेरी सोडून वरून फिरून जाऊ.