एप्रिलच्या उन्हात कासव गॅलरीत सोडावं का?

प्रश्न: कोल्हापुरात राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरीची फरशी अकरालाच चटका देते. आमच्या सुलकाटा (आफ्रिकेतलं जमिनीवरचं) कासवाला खिडकीच्या काचेआडून ऊन दिलं तर चालतंय का? कवच मऊ पडेल म्हणून लई काळजी लागलीया.

उत्तर: दादा, काचेआडून नको. कवच घट्ट ठेवणाऱ्या ‘ड’ जीवनसत्त्वाला लागणारे उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण काच अडवते. आठ-नऊच्या दरम्यान गॅलरीतच सोडा. अर्ध्या भागावर ओलं पोतं बांधून सावली करा, मातीच्या उथळ परळात पाणी ठेवा. काचेच्या टाकीत घालून उन्हात कधीच ठेवू नका, आत भट्टी होते.

उत्तर: ऊन जास्त होऊन कासवाच्या तोंडाला फेस आला, सैरावैरा पळायला लागलं, तर लगेच सावलीत घेऊन साध्या पाण्यात ठेवा. बर्फ अजिबात नको. तसाच डॉक्टर गाठा. गॅलरीला जाळी आहे का? कावळे टोचतात.

प्रश्नकर्ता: जाळी आहे. पोतं आजच आणतो.