चर्चा: नॅसकारचा गेम दरवर्षी नवा यावा, की एकच गेम वर्षानुवर्षं चालावा?

सुपरस्पीडवे (धागालेखक)

ऑक्टोबर २०२५ मध्ये 'नॅसकार २५' हा व्हिडिओ गेम आला आणि नॅसकारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींच्या, चाहत्यांच्या जिवात जीव आला. गेम आयरेसिंगचा आहे, म्हणजे ज्यांच्या सिम्युलेटरवर खरे ड्रायव्हर सराव करतात ती कंपनी. त्याआधीच्या 'इग्निशन'ने (२०२१) घोर निराशा केली होती. त्याच्याही आधीच्या 'हीट ५' या गेममध्ये ट्रकच्या शर्यती होत्या, एक्सफिनिटी ही दुय्यम मालिका होती, मातीचे ट्रॅकही होते. 'इग्निशन'मध्ये फक्त कप ही मुख्य मालिका, आणि तीही बग्जनी भरलेली.

आता पुढे काय? माझं म्हणणं सरळ आहे. दरवर्षी नवा गेम काढायची पद्धत बंद करा. २०१६ ते २०२० दरवर्षी एक 'हीट' आला. पाच वेळा पैसे मोजले, गाडीचं वागणं मात्र उन्नीस-बीस. त्यापेक्षा एकच गेम ठेवा आणि हंगाम बदलला की नव्या गाड्या, ट्रॅक आणि नियम तेवढे विका. २०२६ चंच बघा. एक्सफिनिटी मालिकेचं नाव ओ'रायली झालं, विजेता ठरवायची प्लेऑफ पद्धत जाऊन जुनी 'चेस' परत आली, शिकागोच्या रस्त्यांवरची शर्यत थांबली आणि सॅन दिएगोच्या नौदल तळावर नवी ठरली. एवढ्यासाठी अख्खा गेम नव्याने विकत का घ्यायचा?

वाचलेला वेळ एआयवर, म्हणजे कॉम्प्युटर चालवतो त्या गाड्यांवर, खर्च व्हावा. एफ-वनमध्ये गाड्या वीस-बावीस आणि त्याही बहुतेक वेळ अंतर राखून. नॅसकारच्या डेटोना ट्रॅकवर चाळीस गाड्या दोन-तीन रांगांत, बंपरला बंपर, ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास. मागच्याने ढकललं की पुढचा सुसाट निघतो. तोच धक्का जरा तिरका बसला तर निम्म्या गाड्या भिंतीत. हे कॉम्प्युटरच्या ड्रायव्हरांना शिकवणं वर्षभराचं काम नाही. आजवरच्या बहुतेक गेम्समध्ये एआय गाड्या रुळावरून चालल्यासारख्या एका रांगेत फिरत राहतात, आणि तिथेच खेळ मरतो.

जुनी_डिस्क

तीव्र असहमत. 'नॅसकार रेसिंग २००३ सीझन' लोक अजून खेळतात. मोड बनवणारे, म्हणजे गेममध्ये आपली भर घालणारे हौशी लोक, नव्या हंगामाच्या गाड्या आणि ट्रॅक स्वतः तयार करून टाकतात. हे शक्य झालं कारण गेम डिस्कवर आहे आणि तो चालवायला कोणत्याही कंपनीची परवानगी लागत नाही. सर्व्हर बंद झाले तरी लोकांनी लीग चालू ठेवल्या.

तुमच्या 'एकच गेम'चा कारभार कंपनीच्या हातात राहणार. उद्या नॅसकारचे गेम काढायचा परवाना दुसरीकडे गेला की काय? हा परवाना आजवर किती हात फिरला ते आठवा: ईए, मग युटेक्निक्स, मग ७०४गेम्स, मोटरस्पोर्ट गेम्स, आणि २०२३ मध्ये त्यांच्याकडून आयरेसिंग. ईएला २००४ पासून एकट्याला परवाना मिळाला आणि हाच २००३ चा गेम बनवणाऱ्या पॅपिरस कंपनीचा नॅसकारचा गेम तिथेच संपला. पाच-सहा वर्षांत ईएनेही अंग काढून घेतलं. दहा वर्षं तुम्ही विकत घेतलेले हंगाम एका सकाळी दिसेनासे झाले तर कोणाकडे दाद मागणार?

सुपरस्पीडवे

पॅपिरस संपली, पण काम संपलं नाही. पॅपिरसचे डेव्हिड केमर यांनीच आयरेसिंग उभी केली आणि तिची सुरुवात २००३ च्याच कोडवरून झाली. एकाच पायावर वीस वर्षं काम केलं की काय होतं, याचं हे उदाहरण.

आणि मोडवाल्यांबद्दल आदर आहे, पण नॉर्थ विल्क्सबरोचा जुना ट्रॅक आठवा. शर्यती बंद पडून ट्रॅकवर गवत माजलं होतं. २०१९ च्या अखेरीस नॅसकारचा नामांकित ड्रायव्हर डेल अर्नहार्ट ज्युनियरने लोक जमवून तो साफ केला, आयरेसिंगने लेझरने इंच न् इंच मोजून घेतला. २०२३ मध्ये ऑल-स्टार शर्यत तिथे झाली आणि नॅसकारची कप मालिका खरोखर परत आली. असल्या कामाला मोठी कंपनीच लागते.

संध्याकाळची_एक_शर्यत

दोघेही स्टिअरिंग आणि पेडलवाल्यांचाच विचार करताय. मी कंट्रोलरवर खेळतो, ऑफिसातून आल्यावर तासभर, पुण्यातून. आपल्याकडे नॅसकार म्हटलं की फार तर नारायण कार्तिकेयन २०१० मध्ये ट्रक मालिकेत उतरला होता, एवढं कोणाला तरी आठवतं. इथला माणूस या खेळाकडे आला तर गेममधूनच येणार, आणि तो स्वस्तातला जुना भाग घेऊनच येणार. मीही तसाच आलो. दरवर्षी नवा भाग येतो म्हणूनच मागचा सेलमध्ये पडतो. तुमच्या पद्धतीत नव्या माणसाला मूळ गेमही घ्यायचा आणि वर हंगामही.

दुसरं, सगळं सिम्युलेटरसारखं झालंच पाहिजे का? ऑक्टोबर २०२२, मार्टिन्सव्हिलचा ट्रॅक, कप शर्यतीची शेवटची फेरी. ड्रायव्हर रॉस चॅस्टेनने पाचवा गिअर टाकला, गाडी भिंतीला टेकवली, स्टिअरिंग सोडून दिलं आणि ॲक्सिलरेटर दाबून धरला. दहाव्यावरून पाचवा आला, विजेतेपदासाठी लढणाऱ्या अंतिम चौघांत जागा मिळवली. ही युक्ती त्याला लहानपणी गेमक्यूब या कन्सोलवर खेळलेल्या 'नॅसकार २००५' मधून सुचली होती. काटेकोर सिम्युलेटरने हे त्याला शिकवलं नसतं.

डार्लिंग्टन_पट्टा

आणि पुढच्या हंगामाआधी नॅसकारने सांगून टाकलं की पुन्हा कोणी केलं तर वेळेचा दंड होईल. भिंत घासून पुढे जाता येणं हा गेममधला दोष होता.

मला गंमत नेमकी उलट्या गोष्टीत येते. डार्लिंग्टनचा ट्रॅक अंड्याच्या आकाराचा आहे, कारण १९४९-५० मध्ये तो बांधताना शेजारचं तळं वाचवायचं होतं. दोन टोकांची वळणं वेगळी, त्यामुळे एका टोकाला गाडी जमवली की दुसऱ्या टोकाला बिघडते. डांबर खरखरीत. पहिल्या दोन-चार फेऱ्या गाडी ऐकते, मग मागचे टायर निसटायला लागतात, ॲक्सिलरेटर नखभर उशिरा दाबावा लागतो, आणि तरीही उजवी बाजू भिंतीला चाटून जाते. गेममध्ये टायरचं हे झिजणं नीट जमलं असेल तर कंट्रोलरवरही मजा येते. धागालेखकाशी सहमत: हे एका वर्षात जमत नाही.

जुनी_डिस्क

टायरचं मान्य. मग दोन अटी घाला. आधी विकलेला प्रत्येक हंगाम परवाना गेल्यावरही इंटरनेटशिवाय चालला पाहिजे. आणि ज्या दिवशी कंपनी काम थांबवेल त्या दिवशी गाड्यांचे रंग आणि ट्रॅक बनवायची साधनं लोकांना खुली करावीत. हे खरेदीच्या वेळी लिहून देणार असतील, तर पहिले पैसे मी भरतो.