मदत हवी आहे: बहिणीला पुणे विद्यापीठात एमएस्सीला प्रवेश, राहण्या-जेवण्यापासून सगळंच विचारायचंय

जिंतूरकर

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीचा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एमएस्सी संख्याशास्त्राला नंबर लागला. बीएस्सी परभणीतून केली, म्हणजे पदवी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाची. शिकायला जिल्ह्याबाहेर पडणारी घरातली ती पहिलीच. मी शेती आणि दुकान बघतो, कॉलेजातलं मला फार कळत नाही. ज्यांना विचारावं ते "पुणं लय महाग" एवढंच सांगतात.

माहितीपत्रक वाचलं. फी आहे, तारखा आहेत, पण रोजचं कसं चालतं ते कुठंच नाही. हॉस्टेलची यादी प्रवेशानंतर लागते म्हणे, मग तोवर पोरीनं राहायचं कुठं? एक एजंट अकरा महिन्यांचा करार आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट मागतोय. "आज टोकन टाका, नाहीतर रूम गेली" म्हणून रोज फोन. मेसचं महिन्याला काय धरावं? लॅपटॉप लगेच लागतो का? सोयाबीन निघेपर्यंत हात आखडता आहे. आणि गावात सगळे म्हणतात मुलींची फी माफ झाली, मग आमच्याकडून का घेतली?

अजून एक. ती स्वतः बोलत नाही, पण मला दिसतंय. बीएस्सीची पुस्तकं इंग्रजीत होती, सर मात्र समजावून सांगायचे मराठीत. तिकडं सगळं इंग्रजीत असणार म्हणून आत्तापासूनच गप्प गप्प असते. यावर काही करता येतं का?

गणेशखिंड_रिटर्न्स

आधी बहिणीचं अभिनंदन. आता पहिलं काम: त्या एजंटचा फोन उचलू नका. जून-जुलैत पुण्यात प्रत्येक रूम "आजच जाणार" असते. खोली न बघता टोकन द्यायचं नाही, मग समोरचा कितीही गोड बोलो.

तुम्हाला हवंय ते कॉट बेसिस. एका खोलीत तीन-चार मुली, प्रत्येकीची एक कॉट, भाडं दरमहा. औंध, खडकी, शिवाजीनगर, गोखलेनगर या बाजूला बघा. एक महिन्याची नोटीस देऊन सोडता येईल अशीच घ्या, कारण मध्येच हॉस्टेल मिळालं तर डिपॉझिट अडकायला नको. हॉस्टेल गुणवत्ता आणि आरक्षणानुसार मिळतं, पहिल्या यादीत नाव नाही म्हणून अर्ज सोडून देऊ नका. आणि "माझ्या रूमवर गुपचूप राहा" असं कुणी मैत्रीण म्हणाली तरी नको. पुण्यातल्या हॉस्टेलांत अशा पाहुण्यांना पॅरासाइट म्हणतात. तपासणी झाली की खोलीवाल्या मुलीचाही प्रवेश धोक्यात येतो.

कॉट बघायला जाल तेव्हा घरमालक काय सांगतात ते ऐका, पण तिथं राहणाऱ्या मुलींना एकटं गाठून विचारा. पाणी किती वाजता येतं, रात्री किती वाजता दार बंद होतं, लाइटबिल वेगळं का, आधीच्या मुलीला डिपॉझिट परत मिळालं का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

आवार ४११ एकरांचं आहे. पहिल्या आठवड्यात पाय बोलतात, मग सवय होते.

मेसचा_बळी

मेसवर मी बोलणार, अनुभव दांडगा आहे. दोन वेळचे तीन-चार हजार धरा, भागानुसार कमीजास्त. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद, हे जवळपास सगळीकडे. ती संध्याकाळ पोह्यांवर किंवा मॅगीवर काढायची.

पैसे भरण्याआधी एकच विचारा: खाडे धरता का? म्हणजे पोरगी चार दिवस गावी गेली तर ते दिवस पुढच्या महिन्यात वळते होतात का, आणि त्यासाठी किती आधी सांगावं लागतं. काही मेसवाले सलग तीन दिवसांच्या खालचा खाडा धरतच नाहीत. दिवाळीच्या महिन्यात हा फरक चांगला हजाराच्या घरात जातो. आधी दोन-चार दिवस सुटं ताट घेऊन खाऊन बघा, पूर्ण महिन्याचे पैसे लगेच मोजू नका.

परभणीची आहे म्हणून सांगतो, आमटीत गूळ निघेल. जवसाची आणि कारळ्याची चटणी बरोबर द्या.

फाईलवाली_ताई

मुलींच्या फीमाफीबद्दल. २०२४चा तो शासन निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, म्हणजे इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरे. एमएस्सीचं बजेट त्यावर आखू नका. त्याऐवजी महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर, प्रवर्गानुसार कोणती शिष्यवृत्ती बसते ते बघा. अनुसूचित जाती-नवबौद्धांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम, इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्तांसाठी आधार योजना आहे. शासकीय वसतिगृह मिळालं नाही तर या योजनांतून पुण्यासारख्या शहरात राहण्या-जेवणासाठी वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. अटी आणि गुणांची मर्यादा प्रत्येकीची वेगळी, नीट वाचा. पैसे उशिरा येतात, हे मात्र गृहीत धरूनच चाला.

कागदं गावातच उरकून घ्या. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, नॉन क्रिमीलेअरची मुदतही बघून ठेवा. विद्यापीठ बदलतंय म्हणून नांदेडचं मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल, कॉलेजची टीसी वेगळी. मूळ कागद एकदा जमा झाले की मागितल्यावर हाताशी नसतात, म्हणून सगळ्याचे स्कॅन आधीच काढून मोबाइलमध्ये ठेवा.

आणि बँक. शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. पुण्यात गेल्यावर पोरं कुठल्या तरी ऑफरपायी नवं खातं उघडतात, फॉर्मवर सही करताना आधार तिकडं जोडलं जातं आणि मग पैसे कुठं गेले म्हणून शोधाशोध. गावचं खातं जोडलेलं असेल तर तेच राहू द्या.

जिंतूरकर

मेसच्या खाड्याचं डोक्यातही आलं नसतं. फाईलवाली ताई, आधारवर तिचं नाव "वैष्णवि" असं ऱ्हस्व पडलंय आणि इंग्रजी स्पेलिंगही दहावीच्या सनदेपेक्षा वेगळं आहे. चालेल का?

फाईलवाली_ताई

नाही हो चालत, पहिलं तेच दुरुस्त करा. आता पास झालेल्या विषयांचे क्रेडिट एबीसी आयडीवर, म्हणजे तिच्या ऑनलाइन क्रेडिट खात्यावर, जमा होतात, तो डिजिलॉकरमधून आधारच्या नावानं निघतो. जिंतूरच्या आधार केंद्रात या आठवड्यातच जाऊन या. (आणि नाव असं धाग्यावर टाकू नका, संपादकांना सांगून काढून घ्या.)

औशाची_लेक

दादा, तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यांनी ओलांडून पुढं नेला, म्हणून लिहितेय. मीही तिथूनच एमएस्सी केली, विषय वेगळा.

संख्याशास्त्रात फळ्यावर निम्मी तर चिन्हंच असतात. सिग्मा जिंतूरला आणि पुण्याला एकच. पहिल्या सत्रात तिची दमछाक इंग्रजीपेक्षा रिअल अ‍ॅनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रा हे गणिताचे विषय करतील, आणि ती शहरातल्या मुलींचीही होते. त्यामुळे आत्ता सुट्टीत बोलण्याच्या क्लासला पैसे घालण्यापेक्षा बीएस्सीच्या गणिताच्या वह्या काढायला सांगा.

इंग्रजी अडतं ते सेमिनारला, म्हणजे पुढं उभं राहून विषय मांडायचा असतो तेव्हा. तो अंतर्गत गुणांत धरतात आणि अंतर्गत गुण थोडेथोडके नसतात, एकूण गुणांच्या साधारण निम्मे. म्हणून पहिला सेमिनार छोट्या विषयावर, लवकर मागून घ्यावा. रूमवर एकदा बोलून बघायचं, एवढी तयारी पुरते. शंका वर्गात विचारवली नाही तर तास संपल्यावर केबिनमध्ये जावं. मी तिथं सरळ मराठीत विचारायचे. मराठी न येणारे सर असले तर वहीतली ओळ दाखवायची, कुठं अडलंय ते त्यांना दिसतं.

लॅपटॉप पहिल्या महिन्यात नको. विभागात संगणक असतात. आर (R, संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर) शिकवायला लागले की रूमवर सराव लागतो, तोवर तुमचं सोयाबीन आलेलं असेल. कमवा व शिका योजनेची चौकशी मात्र आधीच करा, अर्जाची मुदत निघून जाते.

विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाचं कार्ड पहिल्याच आठवड्यात काढायला सांगा. तिथं आजूबाजूला सगळे एमपीएससीवाले दिसतील. दोन वर्षं तरी त्या नादाला लागू नकोस म्हणावं. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांची पदवी त्यात अर्धवट राहिली.

गणेशखिंड_रिटर्न्स

शेवटच्या वाक्याला अनुमोदन. रॅगिंगची भीती असेल तर १८००-१८०-५५२२ हा नंबर तिच्या आणि तुमच्या, दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. तिथं तक्रार नाव न सांगताही करता येते.

जिंतूरकर

सगळ्यांचे आभार. एजंटला नाही म्हणून सांगितलं, तर आता तोच एका महिन्याच्या डिपॉझिटवर आलाय. पुढच्या सोमवारी तिला घेऊन येतोय, कॉट बघून ठरवू. एसटीनं शिवाजीनगरला उतरायचं ना? गादी इथूनच आणू का?

मेसचा_बळी

शिवाजीनगरचं जुनं स्टँड २०१९च्या शेवटीच हललं, एसटी वाकडेवाडीला थांबते. सामान जास्त असेल तर नांदेड-पनवेल गाडी परभणीहून थेट पुणे स्टेशनला येते. गादी आणू नका, खडकी बाजारात मिळेल. चटणीचा डबा मोठा आणा.